माशाला घाम फुटत नाही, मीठ गळतं

प्रश्न: सर नमस्कार, माझ्याकडे एंजल फिशचा टँक आहे आणि घरात एक कुत्रा पण आहे. टँक साफ करायला मासे जाळीने बादलीत काढले की एंजलच्या अंगावरचे काळे पट्टे पुसल्यासारखे गायब होतात, मग दोन दिवस कोपऱ्यात उभे आणि खाणं बंद. कुत्र्याला डॉक्टरकडे नेलं की तो थरथरतो, धापा टाकतो, माझ्या पायात घुसतो. दोघांचं टेन्शन एकच असतं का? भाऊ म्हणतो माशाला कसलं आलंय टेन्शन, मेंदू तरी केवढा त्याचा.

उत्तर: भावाला सांगा, मेंदू केवढाही असो, त्यातली ही वायरिंग भयंकर जुनी आहे. मासे आणि आपण एकमेकांपासून वेगळे झालो त्याला ४० कोटी वर्षांहून जास्त झाली, तरी घाबरल्यावर आत जे सुरू होतं त्याचा क्रम अजून तोच आहे. आधी नसांमार्फत निरोप जातो आणि काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलीन रक्तात उतरतं. मग दुसरी, जरा सावकाश चालणारी साखळी: मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग त्याच्याच खाली लटकलेल्या पिट्यूटरी ग्रंथीला सांगतो, पिट्यूटरी एक हॉर्मोन सोडते, आणि त्याच्या हुकमावरून कॉर्टिसॉल बनायला लागतं. तुमचा कुत्रा, तुमचा एंजल आणि तुम्ही, तिघांचं मुख्य स्ट्रेस हॉर्मोन कॉर्टिसॉलच, रेणूसुद्धा अगदी तोच. गंमत म्हणजे उंदरात हे काम कॉर्टिकोस्टेरॉन नावाचा त्याचा भाऊबंद करतो, म्हणजे या एका बाबतीत उंदरापेक्षा मासा आपल्याला जवळचा.

फरक कारखान्याच्या जागेत आहे. कुत्र्याच्या प्रत्येक किडनीजवळ एक छोटी अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते, तिचा बाहेरचा थर कॉर्टिसॉल करतो आणि आतला गाभा अ‍ॅड्रिनलीन. माशात अशी वेगळी ग्रंथीच नाही, दोन्ही प्रकारच्या पेशी किडनीच्या पुढच्या टोकाला रक्तवाहिन्यांच्या कडेने विखुरलेल्या असतात.

आता खरी गोष्ट, जी बहुतेक मासे पाळणाऱ्यांना कुणी सांगतच नाही. कुत्रा घाबरला की धापा टाकतो, फुप्फुसात हवा जाते येते, बस. मासा घाबरला की अ‍ॅड्रिनलीनमुळे कल्ल्यांमधून जास्त रक्त खेळायला लागतं, ऑक्सिजन जास्त मिळावा म्हणून, आणि ते बरोबरच आहे, पण कल्ल्याची त्वचा इतकी पातळ की ऑक्सिजन आत येतो त्याच वाटेने मीठ बाहेर जातं आणि पाणी आत शिरतं. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतीच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट, म्हणून हे असं होतं, आणि समुद्रातल्या माशाचं नेमकं उलटं, त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. म्हणजे घाबरलेला गोड्या पाण्यातला मासा अक्षरशः फुगतो आणि खाऱ्या पाण्यातला सुकतो, दोघेही पाण्यातच असताना. कुत्र्याला घाबरून असला प्रॉब्लेम कधी येत नाही कारण त्याच्या फुप्फुसातला पडदाही पातळच, पण त्याच्या पलीकडे पाणी नाही, हवा आहे.

याच कारणाने माशात कॉर्टिसॉलवर कामाचा बोजा जास्त. आपल्याकडे साखर वगैरे बघायला कॉर्टिसॉल आणि मीठ सांभाळायला अल्डोस्टेरॉन असे दोन वेगळे कामगार आहेत. नेहमीच्या, हाडांचा सांगाडा असलेल्या माशांत अल्डोस्टेरॉन नाहीच, मिठाच्या हिशोबातही कॉर्टिसॉललाच हात घालावा लागतो. स्ट्रेस लांबला की याच कॉर्टिसॉलमुळे वाढ खुंटते, अंडी कमी होतात, इम्युनिटी ढासळते. हे दुष्परिणाम मात्र सस्तन प्राण्यात आणि माशात जवळपास सारखेच, स्ट्रेसवर संशोधन करणाऱ्या हान्स सेलिए यांनी १९३६ साली उंदरांत जे बघितलं त्याच जातकुळीतले. जाळीत पकडल्यानंतर आठवड्याभरात मासा पांढऱ्या ठिपक्यांनी भरतो ना, त्यामागे अनेकदा हेच असतं, परजीवी संधी शोधतच बसलेला असतो.

पट्ट्यांचं म्हणाल तर माशाच्या कातडीत रंगाच्या पेशी असतात आणि त्यांच्या आत काळे कण. घाबरल्यावर हे कण पेशीच्या मधोमध गोळा होतात, पेशी तीच, जागा तीच, पण काळं दिसायचं बंद. माणूस घाबरून पांढराफटक पडतो तेव्हा त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात. दिसायला सारखं, यंत्रणा पूर्ण वेगळी. (सगळे मासे फिके पडतात असंही नाही, काही जातींत सतत मार खाणारा दुबळा मासा उलट काळवंडतो.)

आणि धडधड? दचकल्यावर बऱ्याच माशांचं हृदय आधी मंद होतं, कधी एखादा ठोका चुकतोसुद्धा. "काळजाचा ठोका चुकला" ही आपल्याकडची म्हण माशाला शब्दशः लागू. पण सशालाही दबा धरून बसल्यावर असंच होतं, त्यामुळे याला माशांचा खास गुण म्हणता येणार नाही.

तर टँक साफ करताना काय करायचं. शक्यतो मासे काढूच नका, थोडं थोडं पाणी बदला. काढायचेच झाले तर जाळीऐवजी पाण्यासकट मग किंवा डबा वापरा, जाळीने अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो आणि मीठ गळायला आणखी एक वाट मिळते. लाईट बंद ठेवा. बादलीतल्या पाण्यात लिटरला साधारण ३ ग्रॅम मीठ टाकलं तर रक्त आणि पाणी यांतला फरक कमी होऊन गळती मंदावते, पण काही कॅटफिशना मीठ सोसत नाही, जात बघून टाका. आणि त्या दिवशी खायला घालायची घाई करू नका. कॉर्टिसॉल वर जायला काही मिनिटं पुरतात, टोक गाठायला अर्धा ते एक तास, पण खाली उतरायला कित्येक तास लागतात. तुम्ही साफसफाई संपवून हात पुसता तेव्हा माशाचं टेन्शन नुकतंच शिगेला पोचलेलं असतं.

प्रश्न: पण हे सगळं केमिकल झालं. माशाला भीती "वाटते" का, की टिचकी मारल्यावर पळणं हे नुसतं रिफ्लेक्स?

उत्तर: काचेवर टिचकी मारल्यावरचं पळणं हे रिफ्लेक्सच आहे, आणि फार देखणं आहे. मेंदूच्या मागच्या भागात मॉथनर पेशींची एक जोडी असते, प्रचंड मोठ्या, त्यातली एक पेटली की मासा इंग्रजी सी अक्षरासारखा वळतो आणि सुटतो, सुरुवात व्हायला काही मिलिसेकंद. यात वाटण्या-बिटण्याला वेळच नाही. पण भीती तेवढ्यावर थांबत नाही. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली दाखवलं की जखमी मिनो या छोट्या माशाच्या कातडीतून पाण्यात उतरणाऱ्या रसायनाने बाकीचा थवा बिथरतो, शिकारी दिसतही नसताना.

मला स्वतःला जास्त विचार करायला लावणारे प्रयोग झेब्राफिशचे. कॉर्टिसॉलचा रिसेप्टर, म्हणजे पेशीत त्याचा निरोप घेणारा रेणू, बिघडलेले झेब्राफिश असतात, त्यांच्या मेंदूला "आता पुरे, बंद करा" हा निरोप पोचतच नाही, त्यामुळे कॉर्टिसॉल चढलेलंच राहतं आणि नव्या टँकमध्ये सोडलं की ते थिजून बसतात. २०१३ मध्ये आलेल्या संशोधनात त्यांना फ्लुओक्सेटीन दिलं, म्हणजे माणसांना डिप्रेशनवर देतात तेच औषध, आणि त्यांचं वागणं बरंचसं सुधारलं. दुसरा, २०१५ चा: झेब्राफिश १५ मिनिटं जाळीत कोंडले आणि मग वेगवेगळ्या तापमानाच्या कप्प्यांत सोडले, तर ते जास्त ऊबदार कप्प्यात जाऊन राहिले, अंगाचं तापमान २ ते ४ अंशांनी वाढवून घेतलं. सस्तन प्राण्यांत टेन्शनने ताप चढतो, मासा स्वतःला तापवू शकत नाही म्हणून तापलेल्या पाण्यात जातो, असा अर्थ संशोधकांनी लावला. यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत आणि मी पण त्यावरून "मासा दुःखी आहे" म्हणायला जाणार नाही, माशाला निओकॉर्टेक्स, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या मेंदूचा बाहेरचा थर, नाही हे खरंच आहे. पण आणखी एक बघा. प्रवाळातल्या सर्जनफिशला क्लीनर माशाच्या (दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाणारा छोटा मासा) नुसत्या हलत्या प्रतिकृतीने अंग घासून दिलं तरी त्यांचं कॉर्टिसॉल खाली आलं, प्रतिकृती स्थिर ठेवली तर नाही (२०११). चोळून घेतल्याने बरं वाटतं एवढं तरी मान्य करायला हवं ना, आणि ज्याला बरं वाटतं त्याला बरं न वाटणंही काहीतरी असणारच.

प्रश्न: सॅमन अंडी घातल्यावर मरतात ते स्ट्रेसने का? सस्तन प्राण्यांत असं काही आहे?

उत्तर: पॅसिफिक सॅमनचं विचारताय ना, अटलांटिकवाले सगळे मरत नाहीत. हो, नदी चढताना त्यांचं कॉर्टिसॉल चढत जातं, खाणं बंद झालेलं असतं, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या पेशी बेसुमार वाढतात, इम्युनिटी संपते, अंगावर बुरशी येते. प्रजनन ग्रंथी काढून टाकलेले कोकॅनी (पॅसिफिक सॅमनचाच एक प्रकार) मात्र पुढे काही वर्षं जगले, म्हणजे ठरलेल्या वेळी मरण येतं ते प्रजननाशी बांधलेलं.

सस्तन प्राण्यांत याचा जोडीदार ऑस्ट्रेलियात आहे, अँटिकायनस, उंदराएवढा पण पिशवीवाला. त्याचे सगळे नर वर्षातून एकदा येणाऱ्या दोन-तीन आठवड्यांच्या मीलनाच्या हंगामात बेभान होतात, रक्तात मोकळं कॉर्टिसॉल साचतं, पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होतो, परजीवी माजतात आणि एकही नर उरत नाही, वयाचं पहिलं वर्षही पूर्ण न करता. माद्या पिल्लं वाढवतात आणि त्यातल्या काही पुढच्या हंगामातही दिसतात.