बोहोलमधला पहिला नाताळ: पोरानं काय सांभाळावं, घरच्यांनी काय करावं

ताई, सलाम. तुमचं विचारणं थोडक्यात असं: मुलगा २१ वर्षांचा, कोल्हापुरातून मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, वतीनं फिलिपिन्सला बोहोल बेटावर वर्षभराच्या सेवेसाठी गेलाय, हा त्याचा घराबाहेरचा पहिलाच नाताळ. फराळाचं पार्सल कधी टाकायचं, २४ च्या रात्री फोन करायचा का, आणि तो एकटा तर पडणार नाही ना?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. २४ च्या रात्री तो एकटा पडणार नाही. परक्या पोराला त्या रात्री तिथं कुणी खोलीवर बसू देत नाही, चार घरांतून बोलावणं येतं. पोरं खचतात ती २६ ते ३० मध्ये. १६ पासूनच्या नऊ पहाटेच्या मिस्सांनी झोप मोडलेली असते आणि २५ नंतर हाताला कामच नसतं. वर्ग बंद, ऑफिस बंद, बरोबरचे स्थानिक कार्यकर्ते आपापल्या गावी गेलेले. घरचे मात्र सगळा जोर २४ वर लावतात आणि २७ ला कुणाचा साधा मेसेजही नसतो. तेव्हा तयारी २४ ची कमी आणि त्या पाच दिवसांची जास्त करा.

तिथला मोसम समजून घ्या. सप्टेंबर लागला की दुकानांत नाताळची गाणी सुरू होतात. पण खरा सण १६ डिसेंबरपासून. १६ ते २४ अशा नऊ पहाटे मिस्सा, म्हणजे कॅथोलिक चर्चमधली उपासना, असते. मनिलाकडच्या टागालोग भागात तिला सिंबांग गाबी म्हणतात, बोहोलकडं मिसा दे गायो. वेळ पहाटे साडेतीन-चारची. स्पॅनिश काळात शेतकऱ्यांना कामावर जाण्याआधी मिस्सा मिळावी म्हणून ही वेळ पडली, असं सांगतात. मिस्सा सुटली की चर्चच्या दारात पुतो माया, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट भात, आणि सिक्वाते हे घट्ट कोकोचं पेय. २४ ला मध्यरात्री नोचे बुएना हे मोठं जेवण: हॅम, पान्सित (नूडल्स), लुम्पिया (तळलेले रोल), गोडसर स्पगेटी. २५ ची सकाळ म्हणजे सगळं गाव झोपलेलं.

तुमचा मुलगा आपल्या प्रोटेस्टंट मंडळीतला आणि तिथं बहुसंख्य लोक कॅथोलिक. यजमानांनी पहाटेच्या मिस्सेला चल म्हटलं तर काय, हे त्यानं तिथल्या पाळकांना १५ तारखेच्या आतच विचारून ठेवावं. माझं मत विचाराल तर एक-दोन पहाटे जावं, मागच्या बाकावर शांत बसावं, कम्युनियनला, म्हणजे प्रभुभोजन घ्यायला, रांगेत उभं राहू नये. नऊच्या नऊ पहाटे जाण्याचा हट्ट धरू नये, त्यातच अंगातली ताकद जाते. आणि कुणाच्या मूर्तीवर, मिरवणुकीवर बोट ठेवायचं नाही, तेही सणात. एका वाक्यानं वर्षभराची ओळख तुटते.

आता जी गोष्ट तिथं पोचलेल्या भारतीय पोराला सहसा कुणी आधी सांगत नाही ती. फिलिपिन्समध्ये भारतीय माणसाला ‘बुंबाय’ म्हणतात आणि बुंबाय म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढं मोटरसायकलवरून वसुलीला येणारा सावकार उभा राहतो. त्या धंद्याला तिथं ‘फाइव्ह-सिक्स’ म्हणतात: पाच घ्या, सहा परत द्या. हट्टी पोरांना बुंबाय येईल म्हणून भीती घालतात. डिसेंबरात लोकांच्या हातात बोनस येतो, म्हणजे वसुलीचेही दिवस तेच. अशा वेळी संध्याकाळी आपल्यासारखा चेहरा दारात आला तर आतून ‘कुणी नाही’ असा आवाज येणं अगदी साहजिक. त्यानं मनाला लावून घेऊ नये. कॅरल्सला, म्हणजे घरोघर नाताळची गाणी गायला, जाताना स्थानिक माणूस पुढं, हा दुसऱ्या रांगेत. दारात पहिलं वाक्य मंडळीचं नाव आणि पाळकांचं नाव, मग गाणं. एकट्यानं घरभेटी डिसेंबरात नकोतच.

कॅरल्सची रीतही आपल्यापेक्षा वेगळी. आपल्याकडं कॅरल पार्टी आली की चहा-फराळ होतो, प्रार्थना होते, अर्धा-पाऊण तास जातो. तिथं लहान पोरं बाटलीची बुचं तारेत ओवून केलेला खुळखुळा घेऊन दारोदार फिरतात आणि गाण्यानंतर पैसे मागतात. त्यामुळं कुणी गायला आलं की घरच्यांचा हात आपोआप पाकिटाकडं जातो. मिशनच्या गटानं घ्यायचं की नाही हे आधी ठरवावं. घेणार असाल तर पेटी एकाच्या हातात, त्याच रात्री दोघांनी मोजून वहीत नोंद. घेणार नसाल तर गाण्याआधीच सांगायचं, नंतर नाकारलं तर माणसं दुखावतात. एका घरी दोन गाणी, सात-आठ मिनिटं, पुरे. गल्लीत फिरण्याआधी बारांगाय हॉलमध्ये, म्हणजे आपल्या वॉर्ड ऑफिससारख्या ठिकाणी, कळवून ठेवावं. भाषेचं एक लक्षात असू द्या: तयारीत पोरं बहुधा टागालोग शिकून जातात, बोहोलला सेबुआनो चालते. ‘मालिगायांग पास्को’ समजतं सगळ्यांना, पण ‘मायोंग पास्को’ म्हटलं की चेहरे खुलतात. मराठी भजन एखादं जरूर म्हणावं, टाळ असतील तर उत्तमच. फक्त अर्थ आधी दोन वाक्यांत सांगून घ्यावा आणि तीन मिनिटांच्या वर ताणू नये.

पैशाचं. तिथं तेराव्या महिन्याचा पगार, म्हणजे वर्षअखेरचा बोनस, कायद्यानं २४ डिसेंबरच्या आत द्यावा लागतो. तो खात्यात आला की एटीएमपुढं रांगा लागतात आणि लहान गावातली मशिन रिकामी पडतात. त्यानं १५ तारखेच्या आसपासच महिनाभराचे पैसे काढून ठेवावेत, तेही शक्यतो एकदाच, कारण परदेशी कार्डाला दर वेळी तिथल्या बँकेचा वेगळा आकार पडतो. सुट्ट्या नोटा हव्यात, ट्रायसिकलवाल्याकडं हजारची मोड नसते. खर्चाचा मोठा सापळा म्हणजे भेटवस्तू. गटात मोनितो-मोनिता नावाचा चिठ्ठ्या टाकून भेट द्यायचा खेळ चालतो, त्याची रक्कम ठरलेली असते, तेवढीच ठेवावी. धर्मबाप-धर्मआईनं पोरांच्या हातावर पैसे ठेवायची पद्धत आहे, त्याला आगिनाल्दो म्हणतात. मिशनरी पोराला हौसेनं कुणीतरी ‘आमच्या बाळाचा निनोंग (धर्मबाप) हो’ म्हणतं. नुसतं हो म्हणायला सोपं, पण ते नातं जन्माचं आणि दर नाताळचं आहे. पाळकांना विचारल्याशिवाय मान हलवू नये.

वादळाकडं दुर्लक्ष नको. आपल्याला वाटतं पावसाळा संपला. तिकडं डिसेंबरात मोठी वादळं येतात: २०११ चं सेंदोंग, २०१२ चं पाब्लो, २०१६ चं नीना ऐन २५ ला, २०१९ चं उर्सुला २४-२५ ला. आणि १६ डिसेंबर २०२१ चं ओदेत बोहोललाच आडवं गेलं, वीज आणि मोबाईल बरेच दिवस बंद होते. म्हणून: पासपोर्ट आणि व्हिसाची कागदं झिपच्या प्लास्टिक पाकिटात, त्यांचे फोटो तुमच्या फोनमध्ये. खोलीवर तीन दिवसांचं पाणी, माणशी रोजचे किमान तीन-चार लिटर. टॉर्च, भरलेली पॉवर बँक, रोख. पागासा हे तिथलं हवामान खातं १ ते ५ असे वाऱ्याचे सिग्नल देतं, आणि सिग्नल लागला की कोस्ट गार्ड बोटी थांबवतं. शेजारच्या सेबू बेटावरून बोहोल बोटीनं दोन तासांचं अंतर, पण २२ ते २६ त्यात प्रवास ठेवूच नये, वादळ नसलं तरी बंदरावर पाय ठेवायला जागा नसते. तुमच्यासाठी एवढंच: आधीच ठरवून घ्या की नेटवर्क गेलं तर मंडळीचं तिथलं ऑफिस कुणाला आणि कसं कळवणार. फोन लागत नाही म्हणजे काही झालं, असं धरू नका. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर त्याची नोंद आजच करून टाका.

फोन. तिथलं घड्याळ आपल्यापुढं अडीच तास. तिथली मध्यरात्र म्हणजे कोल्हापुरात साडेनऊ, आणि नेमकं तेव्हाच तो पान्सितची बशी घेऊन कुणाच्या तरी अंगणात असणार. त्या वेळी फोन करू नका. २५ ला आपली सकाळची उपासना उरकून, जेवणं झाल्यावर दुपारी तीनला करा. तिकडं साडेपाच वाजलेले असतात, झोप झालेली असते, घर शांत असतं. आधी आई-वडील, वीस मिनिटं, दार लावून. मग बाकीचे. सगळ्या पै-पाहुण्यांत फोन फिरवला की शेवटी ‘जेवलास का’ पलीकडं काही बोलणं होत नाही आणि पोरगं फोन ठेवून जास्त उदास होतं. काही संस्थांचे फोनचे नियम कडक असतात ते आधी विचारा. लेटर-डे सेंट्सच्या (मॉर्मन पंथाच्या) मिशनरींना तर २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मदर्स डेला. आता त्यांनाही आठवड्याला परवानगी आहे. दुसरा, छोटा फोन २८ ला ठेवा, आणि तो ठेवाच.

फराळ. पार्सल टाकायचंच असेल तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात स्पीड पोस्टानं. डिसेंबरात टाकलेलं जानेवारीत पोचतं. फॉर्मवर ‘होममेड स्वीट्स’ एवढंच लिहू नका, प्रत्येक जिन्नस, वजन, किंमत लिहा आणि त्याचा तिथला मोबाईल नंबर घाला. तिथं १०,००० पेसोपर्यंतच्या मालाला ड्युटी नाही, फराळ त्याच्या आत सहज बसतो. तूप, खवा, सुकट, मांसाचं काही नको. लोणचं गळतं. पॉवर बँक पोस्टात चालत नाही. चकली पाठवायचा मोह टाळा. प्रवासात चुरा होतो आणि उरलेली त्या दमट हवेत डबा उघडल्यावर दोन दिवसांत मऊ पडते. शंकरपाळे तग धरतात. कांदा-लसूण मसाला पाव किलो, दुहेरी पाकिटात, एवढं तर पाठवाच.

खरं तर करंज्या त्यानं तिथंच कराव्यात. बोहोलला नारळाला तोटा नाही आणि गुळाच्या जागी मस्कोवादो नावाची तपकिरी साखर मिळते. ४०-४५ करंज्यांना अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम बारीक रवा, पाच चमचे कडकडीत तेलाचं मोहन, मीठ. सारणाला तीन नारळ आणि ३०० ग्रॅम मस्कोवादो. बाजारात नारळ मशिनवर खवून देतात. ‘दूध काढायचं नाही’ असं आधी सांगायचं, नाहीतर पिळलेला चोथा हातात येतो. तो खव अगदी बारीक आणि ओला असतो, म्हणून आपल्यापेक्षा जास्त वेळ, मंद आचेवर १५ मिनिटं परतावा, कढईची कड सोडेपर्यंत. त्यापुढं गेला तर साखर गोळा होऊन दगड बनते. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नये, करंजी तेलात फुटते ती बहुतेक गरम किंवा ओल्या सारणानंच. पीठ झाकून अर्धा तास, कडा दुधाचं बोट लावून दाबायच्या, तळण मंद. ओल्या नारळाच्या करंज्या त्या हवेत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतच. वेलची तिकडं लहान गावात मिळेलच असं नाही, पार्सलमध्ये २० ग्रॅम पूड घाला. अख्खी नको, बी म्हणून अडकू शकते.

आणि या करंज्या २४ ला नकोत. त्या दिवशी प्रत्येक घरी टेबल भरलेलं असतं, कुणाचं लक्ष जात नाही. २७ ला कराव्यात, पाळकांच्या स्वयंपाकघरात, शब्बाथशाळेची (मुलांच्या बायबल-वर्गाची) चार पोरं मदतीला घेऊन. अर्धा दिवस जातो, आणि संध्याकाळी डबा घेऊन आजारी, म्हातारी माणसं असलेल्या घरी जायला निमित्त मिळतं. मोठ्यांचा हात कपाळाला लावायची त्यांची पद्धत आहे, तेवढी केली की लोकांच्या मनातली बुंबायची धास्ती बरीचशी ओसरते.

बाकीच्या चार दिवसांचंही असंच आधी लिहून काढावं आणि २० तारखेच्या आत पाळकांकडून पक्कं करून घ्यावं. २६ ला फक्त झोप आणि कपडे धुणं, त्यात लाज नाही. २८ ला इस्पितळ किंवा भेट देता येईल असं ठिकाण, परवानगी आधी काढलेली. २९ ला वर्गखोलीची रंगरंगोटी किंवा जानेवारीच्या पाठांची तयारी, काहीतरी हातानं करायचं. ३० ला रिझाल दिनाची (राष्ट्रवीर होसे रिझाल यांच्या स्मृतीची) सुट्टी, गटाबरोबर बाहेर. रोज दुपारी तासभर झोप आणि कोल्हापूरच्या ग्रुपवरचे लग्नाचे, फराळाचे फोटो रात्री झोपताना न बघणं, हे दोन नियम त्याच्याकडून कबूल करून घ्या. सलग तीन दिवस जेवण टाळतोय, भेटींना नको म्हणतोय असं दिसलं तर त्याला उपदेश न करता थेट तिथल्या पाळकांना फोन लावा.

३१ ला मेदिया नोचे, म्हणजे नव्या वर्षाच्या मध्यरात्रीचं जेवण, टेबलावर बारा गोल फळं आणि गल्लीत तुफान फटाके. वॉच नाइट सर्व्हिस, म्हणजे वर्षअखेरच्या रात्रीची उपासना, करून त्यानं आतच राहावं. व्हिसाची मुदतवाढ या आठवड्यांत येत असेल तर अर्ज १० डिसेंबरच्या आत. ८, २४, २५, ३०, ३१ आणि १ हे सगळे सुट्टीचे दिवस आहेत.