पुण्यात फ्लॅटमध्ये किंग अँथुरियम आणलंय. नवीन पान सपाट येतंय, वळ्या पडत नाहीत आणि कडा फाटतात. काय चुकतंय?

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वळ्या न पडणं वेगळं आणि फाटणं वेगळं, म्हणून एकेक सांगते.

झाड लहान असेल तर सपाट पान ही अजिबात काळजीची गोष्ट नाही. किंग अँथुरियम म्हणजे अँथुरियम व्हिची, याच्या रोपाची सुरुवातीची पानं साधी बदामी आणि बरीचशी सपाटच असतात, झाड मोठं होत जातं तशा प्रत्येक पानागणिक वळ्या खोल होत जातात. शिवाय नवीन पान उघडतं तेव्हा ते तांबूस, मऊ, लोंबतं असतं आणि कडक होता होता त्याच्या वळ्या उठून दिसायला लागतात, त्यामुळे कालच उघडलेल्या पानावरून काही ठरवू नका, ते पूर्ण हिरवं आणि हाताला कडक लागेपर्यंत थांबा. नेटवर फोटोत दिसतं ते मीटरभर लांबीचं पान जुन्या झाडाचं असतं हो, चार इंचाच्या कुंडीतल्या पिल्लाकडून ती अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे.

फाटण्याचं कारण मात्र बहुतेक वेळा कोरडी हवाच. हे झाड मूळचं कोलंबियाचं, अँडीजच्या पश्चिम उतारावरच्या प्रचंड पावसाच्या जंगलातलं, 1870 च्या दशकात लंडनच्या व्हिच नर्सरीसाठी ते तिथून नेलं आणि 1876 मध्ये त्याला त्या नर्सरीचंच नाव मिळालं. तिथे हवा बारा महिने दमट. आणि आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या दुपारी ह्युमिडिटी सहज 30 टक्क्यांच्या खाली जाते. मऊ पान त्या हवेत उलगडताना कडा आधी वाळतात, मधला भाग वाढतच राहतो आणि मग ताण येऊन चीर पडते. म्हणजे सगळा खेळ पान बाहेर आल्यापासून कडक होईपर्यंतच्या दिवसांचा आहे, तेवढे दिवस 65-70 टक्के सांभाळा, बाकीच्या वेळी थोडं कमी झालं तरी झाड निभावून नेतं. छोटा ह्युमिडिटी मीटर घ्या, अंदाजावर राहू नका. ह्युमिडिफायर नसेल तर उन्हाळ्यात डेझर्ट कूलर ज्या खोलीत चालतो तिथे ठेवा (थेट झोतात नको), एसीच्या खोलीतून मात्र बाहेर काढा. बाटलीने पानावर फवारत बसू नका, दहा मिनिटांत ते वाळतं आणि वारा नसेल तर वळ्यांमध्ये पाणी साचून डाग पडतात. पावसाळ्यात आपल्याकडची हवा त्याला फारच मानवते, फक्त पंखा हळू चालू ठेवा.

आता मुळांकडे बघा, कारण मुळं खराब असतील तर ह्युमिडिटी कितीही द्या, पान धड येणार नाही. आपल्याकडे सीतेची वेणी हे ऑर्किड आंब्या-फणसाच्या फांदीवर राहतं ना, तशीच याचीही पद्धत, माती नकोच. नर्सरीवाले लाल माती आणि कोकोपीटमध्ये लावून देतात, त्यात मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुंडीतून काढून बघा, निरोगी मूळ जाड, फिकट आणि दाबलं तर टणक लागतं, कुजलेलं तपकिरी असतं आणि ओढलं की साल हातात येऊन आत नुसता दोरा राहतो. कुजलेलं स्वच्छ कात्रीने कापा आणि ऑर्किडसाठी मिळणारे झाडाच्या सालीचे तुकडे किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा, पर्लाइट (हलके पांढरे खडे) आणि थोडं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळलेलं शेवाळ) असं भरभरीत मिश्रण करून लावा. कुंडी मुळांपुरतीच, मोठी नको. पाणी घातलं की खालून लगेच धो धो निघायला हवं.

पाणी वरचा थर सुकायला लागला की द्यायचं, खडखडीत कोरडं होऊ द्यायचं नाही. बोअरचं पाणी देत असाल तर ते आधी थांबवा, त्यातल्या क्षारांनी टोकं जळतात. पावसाचं साठवलेलं उत्तम. खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव भागच द्या.

जागा पूर्वेच्या खिडकीजवळ, दुपारचं ऊन नको, आणि स्टँडवर उंच ठेवा कारण पानं खाली लोंबतात, भिंतीला घासली तरी कडा फाटतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री खिडकीपासून आत घ्या, 15 अंशांखाली ते वाढ थांबवतं. घरात मांजर किंवा रांगतं बाळ असेल तर हाताला लागणार नाही असं ठेवा, पान चावलं तर तोंडाची आग होते.

एक शंका अजून, फाटलेल्या पानाच्या मागे चंदेरी ओरखडे आणि बारीक काळे ठिपके दिसतायत का? तसं असेल तर थ्रिप्स (पानाचा रस शोषणारे बारीक किडे) आहेत, मग वरचं सगळं करूनही पुढचं पान खराबच येईल, आधी झाड बाकीच्यांपासून वेगळं करा आणि त्यांचा बंदोबस्त करा. आणि ते फाटकं पान कापू नका, हिरवं आहे तोवर पुढच्या पानाचं अन्न तेच बनवतंय.