घरी कुत्र्यासारखा चालणारा रोबोट बनवायचा आहे, सुरुवात कुठून करू?

कुत्र्यापासून करू नका. मी केली होती, म्हणून सांगते.

तुम्ही लिहिलंय की नाशिकमध्येच राहता, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलं नाही, सोल्डरिंग थोडंफार येतं, थ्रीडी प्रिंटर नाही आणि पहिल्या फटक्यात दोन हजारांच्या वर घालायचे नाहीत. मी इथल्याच अंबड औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनलच्या वायरिंगचं काम करते. रोबोट हा रात्री जेवणं आटोपली की ओट्यावर मांडायचा उद्योग. पाच वर्षांत चार प्राणी केले. दोन चालतात.

पहिला कुत्राच होता. एका पायाला तीन असे बारा एसजी ९० जातीचे सर्व्हो (सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणाऱ्या छोट्या मोटरी), अंग ३ मिमी अॅक्रिलिकचं. उभा केला तर नुकत्या जन्मलेल्या वासरासारखा लटलट कापायला लागला आणि पुढच्या पायावर बसला. दुसऱ्यांदा उभा केला तेव्हा गुडघ्यातून करकर आवाज आला. प्लास्टिकच्या गिअरचे दात गेले होते. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "भूक लागली असेल गं त्याला."

हिशोब मी नंतर केला, तो आधी करायचा असतो. एसजी ९० चा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४.८ व्होल्टला १.८ किलो-सेंमी देतात. म्हणजे आसापासून १ सेंमीवर तो १.८ किलो पेलेल, ६ सेंमीवर फक्त ३०० ग्रॅम, आणि तेही जागच्या जागी अडून राहण्याच्या घडीला, चालताना नाही. माझं कुत्रं बॅटरीसकट ९०० ग्रॅम. दुडक्या चालीत एका वेळी तिरके दोनच पाय जमिनीवर असतात, म्हणजे पायामागे ४५० ग्रॅम. गुडघ्यापासून पाऊल आडवं मोजलं तर ५ सेंमी लांब पडत होतं. ४५० ग्रॅम गुणिले ५ सेंमी म्हणजे २.२५ किलो-सेंमी. सर्व्हो बिचारा उभा राहणार कसा? आता मी कागदावरच्या आकड्याच्या निम्म्यावर कधी जात नाही.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. बाराही सर्व्होंना वीज आर्डुइनोच्या, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या छोट्या बोर्डाच्या, ५ व्होल्टच्या पिनमधून दिली होती. अडलेला एक एसजी ९० साधारण पाऊण अँपिअरपर्यंत ओढतो, तुम्हीच गुणाकार करा. पाय हलला की व्होल्टेज पडायचं, बोर्ड रिसेट व्हायचा, प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू. दोन रात्री मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसले होते. दिवसभर लोकांच्या पॅनलमध्ये पॉवर आणि कंट्रोल वायरिंग वेगळं ठेवणारी बाई मी! सर्व्होंना वेगळी बॅटरी द्या, बोर्डाला वेगळी वीज द्या, फक्त दोन्हींचं ग्राउंड, म्हणजे मायनसची वायर, एकत्र जोडा. ते ग्राउंड जोडायचं राहिलं तर सर्व्हो अंगात आल्यासारखे थरथरतात.

मग करायचं काय? मुंगळा.

कुत्र्यावर वैतागून बसले होते तेव्हा ओट्यावर गुळाच्या खड्याला मुंगळे लागले होते. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये एकाची चाल घेतली आणि तीच तीच अर्धा तास पाहिली. एका बाजूचा पुढचा आणि मागचा पाय, त्यांच्या जोडीला दुसऱ्या बाजूचा मधला, असे तीन पाय टेकलेले. उरलेले तीन हवेत, पुढे जातात. मग अदलाबदल. दर क्षणी खाली एक तिवई असते आणि अंगाचं वजन त्या तिवईच्या आत पडतं. म्हणजे कोणत्याही क्षणी वीज गेली तरी मुंगळा पडणार नाही. कुत्र्याला तोल सावरायला कान, डोळे, मेंदू लागतो. मुंगळ्याच्या चालीत तोल आधीच बसवलेला आहे. नवशिक्याला हवं ते हेच. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९८९ च्या सुमारास रॉडनी ब्रूक्स यांच्या प्रयोगशाळेत झालेला गेंगिस हा रोबोटही सहा पायांचाच होता, पायाला दोन असे बारा सर्व्हो, तेही छंदाच्या विमानांत बसवतात त्या जातीचे. खोलीचा नकाशा वगैरे काही त्याच्या डोक्यात नव्हता. साधे साधे नियम एकमेकांवर रचलेले, त्यावर तो खाचखळगे पार करायचा.

तुम्हाला बाराही नकोत. तीन सर्व्होत मुंगळा चालतो. डावीकडचा पुढचा आणि मागचा पाय एका दांडीने जोडून एका सर्व्होवर. उजवीकडे तसंच. मधल्या दोन पायांसाठी एकच सर्व्हो, अंगाच्या मधोमध आडवा, तागडीसारखा. आता बघा: उजवा मधला पाय खाली दाबला की अंगाची उजवी बाजू उचलली जाते आणि उजवे पुढचे-मागचे पाय अधांतरी होतात. खाली राहिले डावे दोन आणि उजवा मधला, म्हणजे तिवई. मग डावी जोडी मागे रेटायची, उजवी हवेतल्या हवेत पुढे न्यायची. नंतर तागडी दुसरीकडे कलवायची आणि उजव्या जोडीने रेटायचं. चार पायऱ्यांचा प्रोग्रॅम, बस. एका बाजूच्या रेट्याची दिशा उलटी केली की जागच्या जागी वळतो.

पाय सायकलच्या स्पोकचे करा. सायकल दुरुस्तीवाल्याकडे वाकडे झालेले स्पोक पडलेलेच असतात, पक्कडीने हवे तसे वाकतात आणि तुटत नाहीत. टोकाला ग्लू गनचा एक थेंब ठेवा, नाहीतर गुळगुळीत टाइल्सवर तो जागेवरच पोहत बसतो. आमच्या जुन्या घरातल्या शहाबादीवर थेंबाशिवायही चालायचा. अंगासाठी अॅक्रिलिकचा तुकडा नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून कापून घ्या, त्याच्याकडे उरलेले तुकडे असतात. थ्रीडी प्रिंटरची गरज नाही. एम. जी. रोडला सोल्डरिंगचं किरकोळ सामान मिळून जातं. सर्व्हो आणि बोर्ड मी ऑनलाइनच मागवते. मला तीन सर्व्हो ३६०, आर्डुइनो नॅनोचा (आर्डुइनोचाच लहान प्रकार) स्वस्तातला बोर्ड ३५०, चार्ज होणारे चार निकेल सेल होल्डरसकट ५०० आणि बाकी किडूकमिडूक दीडशे असे पडले होते. चार्जर घरात होता.

निकेलचे चार सेल म्हणजे ४.८ व्होल्ट, सर्व्होला नेमके लागतात तेवढे. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी हलकी असते हे खरं, पण एका सेलमागे ३ व्होल्टच्या खाली उतरली की खराब होते, चार्जिंगला लावून झोपी जाण्यासारखी तर नाहीच. जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून वापरायचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या. बोर्डाला सुरुवातीला लांब यूएसबी केबलनेच वीज द्या. शेपटी समजा. सर्व्होच्या प्लस आणि मायनस वायरींच्या मध्ये १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लावा, त्याचं प्लस-मायनस बघून; व्होल्टेजचे झटके तो सावरतो.

एक गोष्ट सगळेच विसरतात. सर्व्होच्या आसावर त्याच्यासोबत येणारी पांढरी पट्टी स्क्रूने बसवण्याआधी प्रोग्रॅमने त्याला ९० अंशावर आणून ठेवा. आधी पट्टी बसवून मग वीज दिली तर तो मन मानेल तिकडे झेपावतो आणि पहिल्याच मिनिटाला पाय अंगावर आदळतो. आणि ६० अंशावरून १२० वर एकदम उडी मारायला लावू नका, दर १५ मिलिसेकंदाला एकेक अंश सरकवा. चाल मऊ होते, बॅटरीला झटका बसत नाही.

सर्व्हो, प्रोग्रॅम काहीच नको असेल तर हॉलंडच्या थिओ यान्सेन यांचे समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्याने चालणारे सांगाडे बघा. १९९० पासून ते करतायत, तेही आपण भिंतीत वायरी ओढायला वापरतो तसल्या प्लास्टिकच्या पाइपांतून. सगळी करामत काड्यांच्या लांबीच्या प्रमाणात आहे. त्याची छोटी नक्कल आइस्क्रीमच्या काड्या आणि एका पिवळ्या बीओ मोटरवर (खेळण्यातल्या गाडीची गिअरवाली मोटर) होते. उडणाऱ्या पक्ष्याच्या नादी मात्र लागू नका. जर्मनीच्या फेस्टो कंपनीने २०११ मध्ये दाखवलेला समुद्रपक्षी जवळजवळ २ मीटर पंखांचा आणि वजनाला अर्ध्या किलोच्याही आत होता. ते आपल्या ओट्यावरचं काम नव्हे.

कुत्र्याचं राहिलंच. मुंगळा झाल्यावर त्या हिवाळ्यात आम्ही नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो होतो. दुर्बिणीतून शेकाट्या हा पाणपक्षी बघत होते, ते गुलाबी काटकुळे पाय. मुलगा म्हणाला, "आई, याचा गुडघा उलटा वाकतो." मीही तेच समजत होते. घरी येऊन सांगाड्याची चित्रं काढून बघितली तर तो गुडघा नाहीच, घोटा आहे. खरा गुडघा वर, पिसांत झाकलेला. कुत्र्याच्या मागच्या पायाचंही तेच: मागे कोपरा काढलेला दिसतो तो घोटा, गुडघा पोटालगत. माझ्या कुत्र्याचा मागचा पाय मी घोट्याला गुडघा समजून केला होता, मांडी भलतीच लांब आणि पाऊल त्याहून लांब. म्हणूनच ते ५ सेंमी आले होते.

नवीन पायांत आडवं अंतर अडीच सेंमीवर आणलं, सर्व्हो धातूच्या गिअरचे घेतले, पायाला दोनच, आणि दुडकी चाल सोडून दिली. आता तो एका वेळी एकच पाय उचलतो. उचलण्याआधी अंग उरलेल्या तीन पायांच्या त्रिकोणात झुकवून घेतो, मग पाऊल टाकतो. पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला त्याला चार मिनिटं लागतात. सासूबाई त्याच्यापुढे पोळीचा तुकडा टाकतात.