मासळीच्या शेडमधले रोलर : नायलॉन की एसएस, त्याआधी बेअरिंग कसलं ते विचारा

रत्नागिरीजवळची मासळीची शेड, बर्फाचे क्रेट ढकलायची ग्रॅव्हिटी लाइन (मोटर नसलेली, उताराची रोलरची रांग), जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे रोलर सहा महिन्यांत गंजून अडकले, आता नायलॉन घ्यावं की एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टील? तुमचा प्रश्न वाचून हसू आलं आणि पोटात कालवलंही. तळोज्याच्या बाजूला अशाच एका युनिटमध्ये अकरा वर्षं मेंटेनन्स बघितलं. हाच घोळ मी स्वतःच्या सहीने घातलाय.

रोलरमधलं अंतर, उतार वगैरे तुम्हाला ठाऊक असेल असं धरतो. ताकदीची चिंताही सोडा. ३५ किलोचा क्रेट तीन रोलरवर बसला तर एकावर येतात जेमतेम १२ किलो. एवढं कोणतंही मटेरियल झेलतं. रोलर मारतं ते मिठाचं पाणी आणि रात्रीची क्लोरीनची धुलाई. जीआयवरचा जस्ताचा थर दोन्हींपुढे टिकत नाही.

आता माझी चूक. जीआय वैतागून काढले आणि पीओमध्ये, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्ये, एवढंच लिहिलं : 'एसएस ३०४ रोलर, १४० नग' (३०४ हा स्टेनलेसचा नेहमीचा ग्रेड). माल आला, चकचकीत. साहेब खूश. चौथ्या महिन्यात पोरं क्रेट लाथेने ढकलायला लागली. एक रोलर उघडला तर ट्यूब ३०४, शाफ्ट एमएस (साधं लोखंडी स्टील), बेअरिंगची वाटी साध्या पत्र्याची, बेअरिंगही साधंच. खारं पाणी बेअरिंगमध्ये शिरून आत नुसता तपकिरी चिखल. वर एसएसला लागून असलेलं एमएस खाऱ्या पाण्यात एरवीपेक्षा लवकर खातं. म्हणजे जादा पैसे मोजून मी गंज वाढवून घेतला होता.

पुरवठादाराच्या ऑफिसला फोन केला. उत्तर : "तुम्ही एसएस रोलर मागितला, ट्यूब एसएसच आहे." पत्र पाठवलं, फोटो पाठवले, दोनदा जाऊन बसलो. पहिल्यांदा 'टेक्निकलवाले साइटवर आहेत', दुसऱ्यांदा चहा पाजला आणि नव्या रोलरचं कोटेशन हातात दिलं! आमच्या परचेसने तर माझ्याकडेच खुलासा मागितला. राग अजून गेलेला नाही, पण कागदावर ते बरोबर होते. मीच लिहिलं नव्हतं.

म्हणून पीओत चार ओळी वेगवेगळ्या लिहा : ट्यूब, शाफ्ट, बेअरिंगची वाटी, बेअरिंग. आणि प्रत्येकीचं मटेरियल.

माझं मत विचाराल तर क्रेटच्या लाइनला एसएस ट्यूबची गरजच नाही. एचडीपीई किंवा पीपी या प्लॅस्टिकची ट्यूब, ३१६ या वरच्या ग्रेडच्या स्टेनलेसचा शाफ्ट आणि प्लॅस्टिकचं बेअरिंग, ज्यात गोळ्या ३१६ च्या किंवा काचेच्या असतात. ग्रीस लागत नाही, ते कोरडंच चालतं. मात्र ॲसिटल या प्लॅस्टिकच्या बेअरिंगला कडक क्लोरीन मानवत नाही. तुमचं धुण्याचं द्रावण किती पीपीएमचं आहे (दहा लाख भागांत क्लोरीन किती भाग) ते सांगा आणि 'चालेल' हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. तोंडी नको.

नायलॉन? ओल्या जागी मी तरी घेणार नाही. नायलॉन ६ पाणी पितं, पूर्ण भिजलं तर वजनाच्या ८-९ टक्क्यांपर्यंत. मग फुगतं आणि बेअरिंगची बैठक सैल पडते. कोरड्या गोदामात उत्तम माल आहे, त्याची बदनामी करायची नाही.

एसएसच हवं असेल तर ३१६ घ्या. त्यात २-३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठापुढे तग धरतं. ३०४ ला कोकणच्या हवेत डाग पडतातच. आणि ग्रेड ओळखायला चुंबकावर विसंबू नका. बाजारात ज्याला जे४ म्हणतात ते स्वस्त स्टेनलेसही चुंबकाला चिकटत नाही. केमिकलचे थेंब आणि बॅटरी लावून तपासायचं किट मिळतं, ते घेऊन ठेवा.

हे सगळं थंड्या, हलक्या क्रेटच्या लाइनपुरतं. कोळंबी शिजवायच्या कुकरजवळ एचडीपीई नको, उकळत्या पाण्याच्या आसपास ते मऊ पडतं. तिथे एसएसच. मोटरवर चालणाऱ्या पट्ट्याचं गणित वेगळं, त्यावर मी बोलणार नाही.

प्लॅस्टिकचा रोलर कानाशी हलवून बघा. आत पाणी खळखळत असेल तर टोकाच्या टोपीतून शिरलंय, आणि ते नंतर कुजतं. प्रेशर गनचा फवारा रोलरच्या टोकांवर मारू नका, हे रात्रपाळीच्या पोरांना सांगाच. आमच्याकडे निम्मं नुकसान तिथेच व्हायचं.

एकदम दीडशे नग मागवू नका. दोन-तीन प्रकारचे चार-चार घ्या आणि जिथे क्रेटमधलं पाणी सगळ्यात जास्त गळतं तिथे दोन महिने लावून ठेवा, तेही पावसाळ्यात. मग एक उघडून आतला फोटो टाका, बघतो.