वाऱ्याचा वेग मोजायला नुकतीच सुरुवात केलीत? मग आधी एवढंच

तुमचे आकडे हवामान केंद्राच्या आकड्यांपेक्षा कमी येतात? यंत्र बिघडलेलंच असेल असं नाही, बहुतेकदा ते उंचीमुळे असतं. जमीन, गवत, झाडं, घरं वाऱ्याला घासून अडवतात, म्हणून अगदी जमिनीलगत तो जवळजवळ थांबतो आणि वर जाऊ तसा वाढतो. आधी भराभर, मग हळूहळू. हवामान केंद्रं 10 मीटरवर मोजतात. मोकळ्या गवताळ जागी 2 मीटरवर त्याच्या साधारण पाऊणपटच वेग मिळतो. त्यामुळे नोंदीत उंची लिहाच.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- भिंतीजवळ किंवा छताच्या कडेला यंत्र लावणं. तिथे वारा नाही, भोवरे मोजले जातात. अडथळ्यापासून त्याच्या उंचीच्या निदान दहापट लांब राहा.
- एका झोताला वेग समजणं. 10 मिनिटांची सरासरी घ्या.
- फक्त संध्याकाळी मोजणं.

ही शेवटची चूक मला फार महत्त्वाची वाटते. दिवसा तापलेली जमीन हवा घुसळते, वरचा वेगवान वारा खाली येतो. निरभ्र रात्री जमीन निवते, थंड जड हवा खाली बसते आणि वरच्या वाऱ्याशी तिचा संबंध तुटतो. खाली पान हलत नसताना शंभरेक मीटरवर जोराचा वारा असू शकतो! म्हणून दुपार आणि पहाट, दोन्ही वेळा महिनाभर नोंदवा. सूत्रं नंतर बघू.