हिंजवडीच्या टाउनशिपमध्ये घर घ्यावं की वाकडला? फ्लॅट पाहण्याआधी काय तपासायचं

प्रश्न असा आहे: नवरा-बायको दोघांचीही ऑफिसं हिंजवडीत, एकाचं फेज १ मध्ये आणि दुसऱ्याचं फेज ३ मध्ये. मूल दोन वर्षांचं, बजेट ९० लाखांपर्यंत. आयटी पार्कला लागून असलेल्या मोठ्या टाउनशिपमध्ये टू बीएचके घ्यावा की वाकडला साध्या सोसायटीत?

माझं मत टाउनशिपच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. टाउनशिपमध्ये फ्लॅटसोबत पाणी, आतले रस्ते, ड्रेनेज आणि रस्त्यावरचे दिवे यांचीही जबाबदारी तुमच्याकडे येते. बिल्डर असेपर्यंत ती त्याची, तो काम संपवून गेला की रहिवाशांची. त्यामुळे सॅम्पल फ्लॅट पाहायच्या आधी हा कारभार पुढे कोण आणि कशातून चालवणार ते विचारा.

वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) नियोजनाखाली, गावाची कामं ग्रामपंचायतीकडे आणि आयटी पार्कचे रस्ते एमआयडीसीकडे, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाकडे. गावं महापालिकेत घ्या ही मागणी जुनीच आहे. पण नुसत्या विलीनीकरणाने नळाला पाणी येत नाही. २०१७ आणि २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या गावांत टँकर लगेच थांबले नाहीत, हे सगळ्यांनी पाहिलंय.

म्हणून सुरुवात पाण्यापासून. माणशी दिवसाला १३५ लिटर हा नियोजनाचा ठोकताळा. चौघांच्या घराला ५४० लिटर, ४०० फ्लॅटना २ लाख १६ हजार लिटर. म्हणजे १०,००० लिटरचे जवळपास २२ टँकर, तेही रोज. एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचं) पाणी फ्लशसाठी वेगळ्या लाइनने फिरत असेल तर ही गरज बरीच कमी होते, म्हणून ती लाइन खरोखर चालू आहे का ते पाहा. सेल्स ऑफिसमध्ये 'पाण्याची पूर्ण सोय आहे' हेच उत्तर मिळणार. त्यापेक्षा टाउनशिपच्या ज्या फेजमध्ये (टप्प्यात) लोक आधीच राहायला आलेत, तिथल्या सेक्रेटरींकडून एप्रिल आणि मे महिन्यांची टँकरची बिलं मागून घ्या. ती दाखवायला कोणी तयार नसेल तर गेटवरचं सिक्युरिटीचं रजिस्टर बघा, आत आलेल्या प्रत्येक टँकरची नोंद त्यात असते. बोअरचं पाणी किती जड आहे तेही कळायला हवं. एखाद्या राहत्या घरात बेसिनच्या नळाची जाळी फिरवून काढा. तिच्यावर पांढरा खडबडीत थर असेल तर गीझरची कॉइल आणि वॉशिंग मशीन यांचा खर्च धरूनच हिशेब करा.

कागदांपैकी चार गोष्टी मी कधीच सोडू देणार नाही.

पहिलं, 'टाउनशिप' हा शब्द पाच इमारतींचा प्रकल्पही वापरतो. सरकारी धोरणातल्या एकात्मिक नगर वसाहतीला किमान १०० एकर जमीन लागते आणि पाणी, सांडपाणी, रस्ते उभे करणं विकासकावर बंधनकारक असतं. तुमचा प्रकल्प त्यात बसत असेल तर लोकेशनल क्लिअरन्सची, म्हणजे त्या जागेवर टाउनशिप करायला मिळालेल्या सरकारी मंजुरीची, प्रत मागा.

दुसरं, जमीन कुणाची? एमआयडीसीच्या भूखंडावरच्या प्रकल्पात ती ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते, आणि पुढे फ्लॅट विकताना एमआयडीसीची परवानगी आणि हस्तांतर शुल्क लागू शकतं. गावच्या जमिनीवरचा प्रकल्प असेल तर सातबारा आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट (जमिनीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी). हा वकील तुमचा स्वतःचा हवा, बिल्डरने सुचवलेला नको.

तिसरं महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण, आणि लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. मोठ्या टाउनशिपला एकच नोंदणी नंबर नसतो, प्रत्येक फेजचा वेगळा असतो. ब्रोशरमधलं क्लबहाऊस, बाग किंवा मुख्य गेटचा रस्ता दुसऱ्याच फेजच्या नंबरखाली असू शकतो आणि त्याची पूर्णत्वाची तारीख तुमच्या ताब्यानंतर कितीतरी वर्षांनी असू शकते. संकेतस्थळावर प्रत्येक सुविधा कुठल्या नंबरात आहे ते शोधून काढा. क्लबहाऊसची मालकी रहिवाशांकडे येणार की बिल्डर ती स्वतःकडे ठेवून फक्त मेंबरशिप देणार, हे अ‍ॅग्रीमेंटमध्येच लिहिलेलं असतं. मंजूर आराखड्यात बदल करायला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते, पण 'भावी बदलांना माझी आगाऊ संमती आहे' असं वाक्य करारात घुसवलेलं असतं. ते काढायला लावा. नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला कायद्याने मनाई आहे.

चौथं, सोसायटी आणि जमीन. ५१ टक्के फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत सोसायटी स्थापन करण्याची तजवीज बिल्डरने करायची असते. जमीन मात्र शेवटच्या इमारतीला भोगवटा पत्र (राहायला परवानगी देणारा दाखला) मिळाल्यावर सगळ्या सोसायट्यांच्या फेडरेशनकडे, म्हणजे संघाकडे जाते. पंधरा वर्षं चालणाऱ्या टाउनशिपमध्ये तोवर तुम्ही फक्त इमारतीचे मालक. म्हणूनच मेंटेनन्सही दुहेरी असतो, इमारतीचा वेगळा आणि टाउनशिपचा वेगळा. दोन्ही आकडे लेखी घ्या आणि कॉर्पसची (देखभालीसाठी एकदाच घेतलेल्या ठेवीची) रक्कम कुठल्या खात्यात जमा होते तेही विचारा.

पैशांचा हिशेब थोडक्यात. बांधकाम चालू असलेला ९० लाखांचा फ्लॅट महापालिका हद्दीत घेतला तर ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ६.३० लाख, नोंदणी ३० हजार, ५ टक्के जीएसटी ४.५० लाख. बँक साधारण ८० टक्के, म्हणजे ७२ लाख देते आणि हे वरचे कर त्यात धरत नाही. म्हणजे हातात २९ लाख हवेत, इंटिरियर वेगळं. फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, नवऱ्याचं नाव सहमालक म्हणून आलं की ती जाते. भोगवटा पत्र मिळालेल्या फ्लॅटला जीएसटी नाही. क्षेत्रफळ विचारताना 'रेरा कार्पेट किती' असंच विचारा, कारण 'युजेबल' आकड्यात बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी मिळवलेली असते.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. वाकडहून निघालात की भुमकर चौक आणि शिवाजी चौक रोज सकाळी गर्दीच्या दिशेनेच पार करावे लागतात. माणच्या बाजूला राहिलात तर ऑफिसला जाताना ते लागत नाहीत, पण बालरोगतज्ज्ञ, मोठं हॉस्पिटल आणि पुढे शाळा यांसाठी तिकडेच यावं लागेल. माण ते शिवाजीनगर मेट्रो मार्गावर २३ स्थानकं आहेत. स्थानकाचा जिना ते गेट आणि गेट ते तुमची इमारत, हे दोन्ही पायी चालून पाहा. मोठ्या टाउनशिपमध्ये नुसतं आतलंच अंतर एक किलोमीटर भरू शकतं.

मुळा नदीच्या कडेचा प्रकल्प असेल तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर तपासा. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. एका लिफ्टच्या वाट्याला साठाच्या वर फ्लॅट येत असतील तर सकाळी साडेआठला रांग लागणारच.

तुमच्या परिस्थितीत मी नव्या बुकिंगपेक्षा राहत्या फेजमधला रीसेल फ्लॅट सुचवेन. पाणी, मेंटेनन्स, शेजार सगळं डोळ्यांना दिसतं आणि जीएसटी वाचतो. फक्त ना-हरकत दाखला सोसायटीचा वेगळा आणि फेडरेशनच्या थकबाकीचा वेगळा मागा, दुसरा मागायचा राहून जातो. घाई नसेल तर त्याच टाउनशिपमध्ये आधी ११ महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा आणि करार मार्चपासून करा, म्हणजे मे महिन्यातले टँकर आणि जुलैमधलं रस्त्यावरचं पाणी दोन्ही त्याच मुदतीत बघून होतील.