निळी ताटली कुणाला सुचली?

इंदूरच्या लोकमान्यनगरातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांच्या आईला सहा वर्षांपासून अल्झायमर आहे. मुलगी जीवशास्त्र घेऊन 81 टक्क्यांनी बारावी झाली. तिनं मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाच्या धाग्यांवर संशोधन करून 'आजीचं औषध शोधावं' असं वडिलांचं ठरलं आहे. तिला मात्र ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रुग्णाला रोजची कामं जमावीत म्हणून दिली जाणारी थेरपी, शिकायची आहे. वडिलांना तो 'हलका कोर्स' वाटतो. तिची समजूत घाला, असं ते म्हणतात.

नमस्कार,

तुमचं पत्र तीन पानी आहे. त्यात लेकीची इच्छा एका ओळीत येते, तीही 'म्हणे' लावून. तिच्या गुणांची मला काळजी नाही. 'आजीचे उपकार तिनं असे फेडावेत' हे तुमचं वाक्य मात्र मला फार खटकलं. अमायलॉइडवर काम करणाऱ्याचे बरेच दिवस फसलेल्या प्रयोगांत जातात. तसा प्रत्येक दिवस तुमची मुलगी आजीच्या खात्यावर मांडत बसेल. अठराव्या वर्षी एवढं ओझं कुणाच्या डोक्यावर देऊ नये.

दुसऱ्या पानावर तुम्ही ओघात लिहिलंय, 'हल्ली मलाही नावं पटकन आठवत नाहीत.' मी तिथेच थांबले. मला वाटतं, सगळं पत्र या ओळीपोटी लिहिलं गेलं आहे. आधी न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन या. बी-12 कमी असणं, थायरॉइड, सहा वर्षांची मोडलेली झोप यांनीही माणूस विसरायला लागतो आणि त्यावर उपचार आहेत. तपासणीत काहीही निघो, ही भीती तुमची आहे. तिच्यावर उतारा म्हणून लेकीचं करिअर वापरू नका.

आता धाग्यांबद्दल. 'ते विरघळवणारं औषध सापडलं की आई पूर्वीसारखी होईल' असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. अमायलॉइड बीटा हा जेमतेम 40-42 अमिनो आम्लांचा तुकडा, तो तुमच्या-माझ्या मेंदूतही तयार होतो. काही वेळा हे तुकडे चुकीची घडी घेऊन एकमेकांवर रचत जातात आणि साधारण 10 नॅनोमीटर जाडीचा धागा बनतो. पण पेशीला जास्त इजा बहुधा पूर्ण वाढलेला धागा करत नाही, त्याआधीचे छोटे पुंजके करतात. ते पेशीच्या पटलाला, म्हणजे बाहेरच्या आवरणाला, चिकटतात, पटल झिरपू लागतं, कॅल्शियम नको तितकं आत शिरतं. धागाही निरुपद्रवी नाही, कारण त्याच्या पृष्ठभागावर नवे पुंजके तयार होतात. उलट, मेंदूत भरपूर साठा असूनही स्मरण शाबूत राहिलेली माणसं आहेत. आणि आपलं शरीर त्वचेचा रंग तयार करताना असेच धागे मुद्दाम विणतं! म्हणजे धागा दिसला की विष, इतकं हे सोपं नाही. लेकॅनेमॅब या औषधाला 2023 मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. ते हा साठा खरोखर कमी करतं. तरीही 18 महिन्यांच्या चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांची घसरण त्यानं सुमारे 27 टक्क्यांनी मंदावली, एवढंच. गेलेली आठवण परत आली नाही. सहा वर्षं आजारी असलेल्या तुमच्या आईंसाठी ते औषध नाही. हे लिहिताना मलाही जड जातंय, पण तुम्हाला खोटी आशा देणार नाही.

लेकीला स्वतःहून या संशोधनात रस वाटला तर आयसर आणि नायसर या विज्ञान संस्थांच्या आयएटी आणि नेस्ट या प्रवेशपरीक्षा, नाहीतर इंदूरच्याच होळकर विज्ञान महाविद्यालयातून बीएस्सी आणि मग एमएस्सीसाठी जॅम ही परीक्षा, हे रस्ते उघडे आहेत.

तुमच्या तिसऱ्या पानावर तिच्याबद्दल तक्रार आहे: 'अभ्यास सोडून बर्तन बाजारातून निळी ताटली घेऊन आली.' पांढऱ्या ताटलीतला दहीभात आजी नुसता चिवडायच्या, निळीत वाढला की संपवतात, असंही तुम्हीच लिहिलंय. अहो, ही तक्रार आहे? अल्झायमरमध्ये रंगांतला फरक ओळखणं कठीण होतं, पांढऱ्यावर पांढरा भात दिसतच नाही. तुमच्या मुलीनं हे नुसतं बघून ओळखलं, एकच गोष्ट बदलली आणि काय होतं ते पाहिलं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हेच करतो. रुग्णाकडे जे उरलं आहे त्याच्या जोरावर त्याला जेवता, आंघोळ करता, कपडे घालता यावेत म्हणून तो धडपडतो. याला हलका कोर्स म्हणू नका. तुमच्या घरात सहा वर्षांत आजींना सरळ उपयोगी पडलेली गोष्ट या मुलीनं केली आहे.

मुंबईत महापालिकेच्या आणि नागपूरला सरकारी महाविद्यालयात हा अभ्यासक्रम आहे, पण महाराष्ट्राच्या अधिवासाची अट तुम्हाला आड येऊ शकते, ती आधी तपासा. कटक, कोलकाता आणि दिल्ली इथल्या केंद्र सरकारच्या संस्थाही बघा, आणि या वर्षीची प्रवेशपद्धत त्यांच्याकडूनच विचारून घ्या.

येत्या रविवारी आईंना दुपारचं जेवण तुम्ही भरवा. ताटली लेकीकडून मागून घ्या आणि निळीच का आणलीस, ते तिला विचारा. ती बोलेल तेवढं ऐका, मध्ये अमायलॉइड आणू नका. पुढचं पत्र मला तिच्या हातचं पाठवा.